पाच आणि एक

मित्रांनो, माझं नाव कुणी ठेवलं नाही. पाठीवर एक कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर चौदा हा आकडा आहे, तेवढीच माझी ओळख. मी एक जुना संगणक आहे. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात तडा गेलेला आहे आणि सध्या मी एका सरकारी गोदामात, मोडक्या छपाईयंत्रांच्या शेजारी पडून आहे. इथे धूळ फार आणि बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसलो. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून तक्रार नको.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पहिली नोकरी मात्र चांगली आठवते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मोठ्या शहरात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी सात वर्षं होतो. विद्यार्थी यायचे, माझ्याकडून पुस्तकं शोधून घ्यायचे, माझ्या अंगावर पावाचे तुकडे सांडायचे. मी कधी कुरकुर केली नाही. मग नवे, पातळ संगणक आले आणि लोक मला मंद म्हणू लागले. तोंडावर म्हणत, त्याचं वाईट वाटायचं. एके दिवशी आम्हा बऱ्याच जणांची रवानगी तळघरात झाली.

तळघरातून आम्हाला बाहेर काढलं ते खुसेल्वाने. ही विद्यापीठातली संशोधक मुलगी, वय सत्तावीस, डोळ्यांवर मोठा चष्मा, चालताना नेहमी घाईत. खेड्यातल्या शाळांमध्ये संगणकामुळे शिकवणं आणि शिकणं सुधारतं का, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. तिने आम्हा एकोणीस जणांना निवडलं आणि ओल्या फडक्याने स्वतः पुसलं. "तुमची अजून पुष्कळ वर्षं बाकी आहेत रे," असं ती माझ्याकडे बघून म्हणाली. खरं सांगतो, तेव्हा मला पुन्हा नवा झाल्यासारखं वाटलं.

एका टेम्पोत गोधड्यांमध्ये गुंडाळून आम्हाला एलुखोझीनी नावाच्या गावी नेलं. गाव डोंगरउतारावर, घरं गोल, आणि शाळा सगळ्यात वर, जिथे वारा कधी थांबत नाही. पहिली ते तिसरी एकाच खोलीत भरायची. मुलं अडुसष्ट आणि शिकवणारी एकटी नोसाखेले बाई.

या बाईंची ओळख नीट करून द्यायला हवी, कारण ही गोष्ट माझी कमी आणि त्यांची जास्त आहे. वय चाळिशीच्या आतबाहेर, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, आवाज खणखणीत. एका वर्गाला शिकवायचं तर बाकीच्या दोन वर्गांना पाटीवर काहीतरी गिरवायला द्यायचं, असं त्यांचं अकरा वर्षं चाललेलं होतं. ज्याचा नंबर आला तो शिकला, ज्याचा आला नाही तो गिरवत राहिला. बाईंच्या अगदी नाकी नऊ यायचे. मुलं मागे पडतात ती आपल्यामुळेच, असं त्यांना वाटायचं आणि ते त्यांना फार लागायचं.

आमच्याबरोबर इंग्रजीतले धडे आले होते. मुलांनी कानाला यंत्रं लावून ते ऐकले आणि एकमेकांची तोंडं बघत बसली.

"हे कोण बोलतंय गं?" बाईंनी खुसेल्वाला विचारलं. "सर्दी झाल्यासारखं नाकातून बोलतंय."

"सिसी, हे धडे परदेशात तयार झालेत." वयाने मोठ्या बाईला तिकडे सिसी म्हणतात, आपण ताई म्हणतो तसं.

"परदेशातलेच दिसतात. यांच्या आया यांना ज्या भाषेत ओरडतात ना, त्या भाषेत सांगितलं तर यांना कळेल. दे मला ते बोलायचं यंत्र. मी सांगते."

अशी सुरुवात झाली. शाळा सुटली की बाई खिडकीला घोंगडी अडकवायच्या, म्हणजे वाऱ्याचा आवाज आत येणार नाही, आणि माझ्यासमोर बसायच्या. माझा पंखा सगळ्यांत कमी घरघरतो म्हणून त्यांनी मला निवडलं होतं. त्या गावच्या खोसा भाषेत गणिताचे धडे सांगायच्या आणि मी ते साठवायचो. मध्येच थांबून स्वतःवर चिडायच्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. वर्षभरात दोनशे बारा धडे झाले. ते सगळ्या एकोणीस संगणकांत भरले गेले. आता तिसरीची मुलं कानाला यंत्र लावून बाईंचाच आवाज ऐकायची आणि खुद्द बाई पहिलीतल्या पोरांचा हात धरून त्यांना आकडे काढायला शिकवायच्या. कुणाला एकदा कळलं नाही तर तो धडा चारदा ऐकायचा. पेटीतल्या बाई वैतागत नसत.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यापायी पुढचं सगळं घडलं.

सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत तुमच्या आजीच्या तोंडून तुम्ही ऐकली असेल. एलुखोझीनीत ती आणखी कडक आहे. सासऱ्याच्या नावातला आवाज दुसऱ्या ज्या शब्दात येतो, तो शब्दसुद्धा सुनेने तोंडातून काढायचा नाही. बाईंच्या सासऱ्यांचं नाव थांदाबांतू. मी कुणाची सून नाही, त्यामुळे मला घ्यायला हरकत नाही. या नावाचा अर्थ लोकांवर माया करणारा, कारण त्या भाषेत माया करणं म्हणजे थांदा. आणि सहा या आकड्याला म्हणतात थांदाथू.

लग्न झालं त्या दिवसापासून नोसाखेले बाईंच्या जिभेवरून हे दोन्ही शब्द गेले. माया तर काय, न बोलताही करता येते. पण गणिताच्या शिक्षिकेने सहाचं काय करावं? फळ्यावर ६ लिहायला आडकाठी नव्हती, बंदी होती ती फक्त जिभेला. म्हणून त्या म्हणायच्या, "पाच आणि एक." सोळा आले की "दहा, पाच आणि एक." इतकं सहज म्हणायच्या की त्यात काही अडचण आहे हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. धड्यांमध्येही त्या तसंच म्हणाल्या.

मुलांना खरा शब्द येत नव्हता असं मुळीच नाही. मैदानात गोट्या मोजताना ती थांदाथू, थांदाथू ओरडायची. पण वर्गात, बाईंसमोर, नाही. गावातल्या निम्म्या आया त्याच घराण्यातल्या सुना होत्या. कुणाच्या समोर काय बोलायचं नाही, हे पोरांना चालायच्या आधी कळायचं. दुसऱ्या गावाहून आलेला एक मुलगा वर्गात सरळ सहा म्हणाला, तेव्हा तिसरीतल्या अकोनाने त्याला कोपराने ढोसलं.

"ए, बाईंसमोर काय बोलतोस? घरी काही शिकवलंय की नाही?"

ही अकोना म्हणजे आठ वर्षांची, किडकिडीत, पुढचा दात पडलेली पोर. ती नेहमी माझ्यासमोरच बसायची. दुसऱ्या कुणी माझी खुर्ची घेतली तर त्याचं काही खरं नसायचं. तिला गणित असं चटकन कळायचं की मी प्रश्न संपवायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

खुसेल्वाने सुरुवातीचे काही धडे ऐकले आणि ती खूश झाली. "सिसी, ती 'पाच आणि एक'ची कल्पना फार छान आहे हं. मुलांना संख्या फोडून कळते."

बाईंनी रुमालाचं टोक तोंडाला लावलं आणि हसल्या. "तसं समज, पोरी."

त्यांना वाटलं, ही आपल्यातलीच मुलगी, हिला कारण ठाऊक आहे आणि ही थट्टा करतेय. पण खुसेल्वा वाढली शहरातल्या दोन खोल्यांत. तिची आई सासरी कधी राहिलीच नव्हती. अशी रीत असते एवढं तिने ऐकलं होतं, पण ती एका आकड्यापर्यंत पोचते हे तिच्या गावीही नव्हतं. दोघी एकमेकींना ओळखतो असं समजून चालल्या. मी दोघींच्या मध्ये होतो आणि गप्प होतो. मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

थांदाबांतू आजोबा शाळेच्या समितीचे प्रमुख होते. ते पांढऱ्या घोड्यावरून यायचे, दारात खुर्ची टाकून बसायचे आणि काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघायचे.

"आमची सूनबाई म्हणे या पेट्यांत एकोणीस वेळा बसलीय," ते खुसेल्वाला म्हणायचे. "घरी एकच आहे, ती माझं ऐकत नाही. इतक्या जणींपुढे माझा काय निभाव लागणार?"

बाई खांद्यावरची शाल सारखी करून, नजर खाली ठेवून बाजूला उभ्या राहायच्या, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू असायचं. एकदा आजोबांनी कानाला यंत्र लावून एक धडा ऐकला. 'पाच आणि एक' आलं तसे ते समाधानाने डोलले. सुनेने पेटीतसुद्धा आपला मान राखला, याचं त्यांना कौतुक वाटलं. त्यात काही बिघडतंय असं त्यांना का वाटावं? मलाही तेव्हा वाटलं नव्हतं.

एक अट मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोक्यावर होती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिसरीच्या मुलांची परीक्षा होणार होती. तशीच परीक्षा, आमच्यातले काही जण एका दिवसापुरते तिथे नेऊन, नदीपलीकडच्या, संगणक नसलेल्या शाळेत होणार होती. आमची मुलं पुढे निघाली तर आम्ही इथेच राहणार आणि बाईंचे धडे आणखी चाळीस शाळांत जाणार. मागे पडली तर ज्यांनी आम्हाला दिलं ते परत नेणार.

"परत नेणार म्हणजे?" बाईंनी विचारलं होतं. "म्हणजे पुन्हा मी एकटी आणि ही अडुसष्ट?"

"असं होणार नाही, सिसी. मी रोज बघते ना, मुलं किती पुढे गेलीत."

परीक्षा ऑगस्टमध्ये, तिकडच्या ऐन हिवाळ्यात झाली. थंडी इतकी की मुलांची बोटं वळत नव्हती. पण लिहायचं काहीच नव्हतं. कानातला प्रश्न ऐकायचा, उत्तर तोंडाने सांगायचं आणि आम्ही ते ऐकून गुण द्यायचे. त्यासाठी विद्यापीठातल्या लोकांनी आमच्यापैकी पाच जणांना खोसा भाषेतले आकडे ऐकायला शिकवले होते.

सुरू करायच्या आधी खुसेल्वा म्हणाली, "सिसी, तुम्ही बाहेर थांबाल का?"

"पोरं घाबरतील गं. मी दारात उभी राहते. तोंड उघडणार नाही."

खुसेल्वाने मुलांचे चेहरे पाहिले आणि हो म्हणाली. चांगुलपणाने म्हणाली. बाई बाहेर गेल्या असत्या तर मी आज तुम्हाला ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

अकोना माझ्यासमोर बसली. पहिले तीन प्रश्न तिने चुटकीसरशी सोडवले. चौथा होता, दोन गोठ्यांत तीन तीन वासरं, तर एकूण वासरं किती. तिला उत्तर आलं होतं. तिचं तोंड उघडलं, "था" एवढा आवाज माझ्या कानावर पडलासुद्धा. तेवढ्यात तिने दाराकडे पाहिलं. दारात बाई उभ्या होत्या. अकोनाने तोंड मिटलं आणि मग शहाण्या मुलीसारखं म्हणाली, "पाच आणि एक."

मला पाच माहीत होते. एक माहीत होता. पाच आणि एक असं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. मी पाचापुढे एक, म्हणजे एक्कावन्न समजलो आणि पडद्यावर लाल खूण केली.

ती दचकली. मला नीट ऐकू आलं नसेल असं समजून पुन्हा म्हणाली, हळूहळू, मोठ्याने, बहिऱ्या म्हाताऱ्याशी बोलतात तशी. "पाच. आणि. एक." मी पुन्हा लाल खूण केली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज कापत होता. मित्रांनो, मी तिसऱ्यांदाही तेच केलं.

"हा असं काय करतो?" तिने खुसेल्वाला विचारलं.

परीक्षेत मदत करायची नाही असा नियम होता. "पुढचा प्रश्न घे, बाळा," खुसेल्वा म्हणाली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून पुढे गेली.

चाळीस प्रश्नांत सहा कुठे ना कुठे अकरा वेळा येत होते. सहा, सोळा, सव्वीस, साठ. त्या दिवशी माझ्यासमोर पाच मुलं बसली. पाचही जणांनी दाराकडे पाहिलं आणि पाचही जणांनी बाईंचा मान राखला. शेजारच्या चार पेट्यांसमोर काय चाललंय, तेही मला ऐकू येत होतं.

दोन महिन्यांनी निकाल सांगायला खुसेल्वा आली तेव्हा ती घाईत नव्हती. समितीची माणसं बाकांवर बसली होती, आजोबा पुढच्या खुर्चीत. नदीपलीकडच्या शाळेला चाळीसपैकी सरासरी सव्वीस. आपल्या शाळेला तेवीस.

मग बाईंनी विचारलं, "मुलं कशात चुकली?"

"थोडी थोडी सगळ्यातच, सिसी. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, सगळी कोष्टकं पाहिली. अमुक एका प्रकारात फार चुकलीत असं नाही."

ती खोटं बोलत नव्हती. तिने प्रश्नांचे प्रकार पाडले होते आणि प्रत्येक प्रकारात थोड्या लाल खुणा होत्या. उत्तरात कोणता आकडा येतो, त्यावरून प्रकार कोण पाडणार?

आजोबा उठताना थांबले. "सूनबाई, या पेट्यांनी पोरं आळशी झाली का गं?"

"झाली असतील, ताता," बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे ताता म्हणतात. आपण दोन वर्षं गावाला आशा दाखवली आणि पोरांचं वाटोळं केलं, असंच त्यांना त्या क्षणी वाटत होतं. ते मला त्यांच्या आवाजात ऐकू आलं.

आठवड्याभरात टेम्पो आला. चढवताना एका माणसाच्या हातून मी निसटलो आणि माझ्या पडद्याला तडा गेला. "हा फुटका कशाला न्यायचा? राहू दे," असं म्हणून त्याने मला भिंतीशी ठेवलं. बाकीचे अठरा गेले. ती खोली मोकळी झाल्यावर मला फार एकटं वाटलं. बाई पुन्हा एका वर्गाला शिकवू लागल्या आणि दोन वर्ग गिरवू लागले. अकोना आता तोंडी उत्तर द्यायला उठतच नसे. बाईंनी विचारलं की मान खाली घालायची. चटकन उत्तर देणाऱ्या त्या पोरीची आपल्या जिभेवर काही भिस्तच राहिली नव्हती, आणि ते काम माझं होतं.

एका दुपारी बाईंनी मला चालू केलं. आपला एखादा धडा ऐकावा, कुठे कमी पडलो ते शोधावं, असं त्यांच्या मनात असावं. धडे शोधता शोधता त्यांना परीक्षेतले मुलांचे आवाज सापडले. त्यांनी अकोनाचं नाव दाबलं. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा. मग "था" आणि शांतता. मग "पाच आणि एक" तीनदा, आणि तीन लाल खुणा.

त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. मग बाकीच्या चार मुलांचे आवाज लावले. ज्या ज्या प्रश्नाला 'पाच आणि एक' आलं, त्याच्यासाठी कागदावर एकेक रेघ ओढत गेल्या. अकरा रेघा झाल्यावर त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "माझ्यामुळे. अरे देवा, माझ्यामुळेच."

खुसेल्वाला त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. त्यात ६ हा आकडा लिहिता येत होता. पत्र मिळताच तिचा फोन आला आणि बाईंनी तो माझ्यासमोर बसूनच घेतला.

"सिसी, मी आपल्याच भाषेला बहिरी निघाले हो," ती म्हणत होती. "मला नुसती शाबासकी देता आली. का असं म्हणता, ते विचारता आलं नाही."

"ते जाऊ दे पोरी. आता निकाल बदल ना."

"प्रबंध मान्य होऊन छापला गेला, सिसी. मी वरच्या लोकांना पत्र लिहिलं. ते म्हणतात, बाकीच्या अठरा पेट्या पुसून दुसरीकडे दिल्या. पाच मुलांच्या आवाजावर निकाल बदलत नाही."

"आणि त्यात काय छापलंय?"

"अशा शाळांत संगणकाने काही फरक पडत नाही, असं छापलंय. लोक ते वाचतायत, सिसी. चाळीस शाळांचं काम थांबवलंय."

त्यानंतर बाई जेवेनाशा झाल्या. हे घरात लपत नाही. तिसऱ्या दिवशी आजोबा घोडा बाहेर बांधून वर्गात आले. मुलं घरी गेली होती.

"सूनबाई, आवडीच्या आंबट दुधाला आणि मक्याच्या चुऱ्याला तू नाही म्हणतेस, म्हणजे कुणीतरी गेलंय. कोण गेलं?"

बाईंनी शाल सारखी केली, बाजूला वळून उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. नाव न घेता, तो शब्द न उच्चारता सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "ताता, तुमच्या नावाला मान दिला. मुलं मान देऊन नापास झाली."

आजोबा खुर्चीत बसले. काठी त्यांच्या हातातून खाली पडली तरी त्यांनी उचलली नाही.

"मला विचारायचंस. मी सूट दिली असती."

"असं विचारतात का आपल्यात?"

"नाही विचारत," ते म्हणाले. "नाही विचारत. आणि मी इथे बसून डोलत होतो. लोकांवर माया कर म्हणून बापाने हे नाव ठेवलं माझं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही पेटी बोलणं साठवते ना? माझं नाव घ्यायला मला कुणाची बंदी नाही. चालू कर."

पुढच्या दोन आठवड्यांतलं काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. रोज दुपारी दोघं माझ्यासमोर बसायचे. बाई धडा सांगायच्या, "तीन आणि तीन मिळून होतात," आणि हात वर करायच्या. मग आजोबा खाकरून म्हणायचे, "थांदाथू." पुन्हा बाई, पुन्हा हात, पुन्हा आजोबा. कधी खोकला मध्ये यायचा, कधी घोडा बाहेर फुरफुरायचा. आजोबा जागा एकदाही चुकले नाहीत. असे चाळीस धडे नव्याने झाले.

मग बाईंनी सगळ्या मुलांना माझ्याभोवती गोळा केलं आणि पहिला धडा लावला. बाईंच्या आवाजामागून आजोबांचा जाडाभरडा सहा आला तशी मुलं फिदीफिदी हसली. अकोना हसली नाही. तिने दारातल्या खुर्चीकडे पाहिलं.

"आता म्हटलं तर चालेल?"

"म्हण गं पोरी," आजोबा म्हणाले. "मोठ्याने म्हण."

ती म्हणाली. मला तो शब्द लगेच कळला. मग सगळी मुलं म्हणाली. बाई मध्ये उभ्या होत्या, ओठ मिटून, डोळे भरून.

मला वाटलं, आता इथेच राहीन. एक तर एक. पण कुठल्याशा कचेरीत कुणीतरी यादी तपासली. पाठवले एकोणीस, परत आले अठरा. एक माणूस गाडी घेऊन आला.

"दोन दिवस थांबा," बाई त्याला म्हणाल्या. "आतले धडे काढून घ्यायला काही मिळतंय का बघते."

"मला आजच न्यायचंय, बाई."

आजोबा पुढे झाले. "त्यात माझा आवाज आहे, पोरा."

"ताता, माझ्या यादीत नंबर चौदा आहे," तो नम्रपणे म्हणाला. "आवाज लिहिलेला नाही." त्याचाही काही दोष नव्हता. त्याने मला उचललं तेव्हा अकोना खिडकीच्या गजांना धरून उभी होती.

तेव्हापासून मी या गोदामात आहे. माझ्या पाठीवर आता दुसरा एक कागद आहे, पुसून मोडीत काढावे, असं लिहिलेला. खुसेल्वा मला सोडवायला अर्ज करते आहे असं इथला शिपाई एकदा कुणाला सांगत होता. अर्जाला उत्तर आलं की नाही, मला माहीत नाही. चाळीस धडे अजून माझ्यात आहेत, दोघांच्या आवाजातले. आणि अकोनाच्या त्या तीन उत्तरांपुढे मी केलेल्या लाल खुणाही आहेत. त्या मला स्वतःला पुसता येत नाहीत.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, असं सांगून मी थांबणार नाही. आम्ही जुने होतो, मोडीत जातो, ते चालायचंच. पण तुम्ही मोठे व्हाल. कुणी शिक्षक होईल, कुणी परीक्षा घेईल, कुणी माझ्यासारख्या यंत्राला ऐकायला शिकवेल. तेव्हा एखाद्या मुलाचं उत्तर चुकीचं वाटलं, तर लाल खूण करण्याआधी त्याच्याजवळ जा आणि विचारा, "तू असं का म्हणालास?" अकोना माझ्यासमोर तीनदा बोलली आणि मला हे विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.